खमक्या बायकांचं काय करायचं?

शंकेखोर : तुम्ही मला हॅमेट दिलात, चँडलर दिलात, आणि देताना बजावलंत की यातल्या बायका जरा नीट पाहा, एकेक कशी खमकी आहे. पाहिल्या. खमक्या आहेत, त्यात वाद नाही. पण त्यांचं शेवटी होतं काय? ‘द मॉल्टीज फाल्कन’मधल्या ब्रिजिडला तिचा प्रियकर, गुप्तहेर स्पेडच, पोलिसांच्या हवाली करतो. ‘रेड हार्वेस्ट’मधली डायना ब्रँड पुस्तक संपायच्या कितीतरी आधी मरून पडते, बर्फ फोडायचा टोचा छातीत रुतलेला. ‘फेअरवेल, माय लव्हली’मधली व्हेल्मा स्वतःवर गोळी झाडून घेते. जेम्स केनची कोरा गाडीच्या अपघातात जाते. सांगितलं तेवढं करणाऱ्या बायका मात्र शेवटच्या पानापर्यंत सुखरूप. आपल्या जुन्या बोलपटांत सिगारेट ओढणारी बाई दिसली की ती शेवटच्या रिळापर्यंत टिकत नाही हे पिटातल्या पोरालाही कळायचं. मग अमेरिकन हार्डबॉइल्ड, म्हणजे निबर गुप्तहेरांच्या, कादंबरीने वेगळं काय केलं? हा खमकेपणाचा गौरव म्हणायचा की खमकेपणाची शिक्षा?

रसिक : आधी वाचकांना सूचना देऊन टाकू, की यापुढे खुनी कोण ते आम्ही बिनदिक्कत सांगणार आहोत. आता तुमची यादी. ‘रेड हार्वेस्ट’मध्ये मेलेल्या पुरुषांची यादी केलीत का? हॅमेटने १९२९ साली पर्सनव्हिल नावाचं खाणींचं गाव उभं केलं. लोक त्याला पॉयझनव्हिल म्हणतात आणि तिथे पोलीसप्रमुखापासून दारूच्या तस्करापर्यंत सगळे एकमेकांच्या जिवावर उठलेले. मरणं हा तिथला रिवाज आहे. तेव्हा बाई मेली म्हणजे तिला बाई असण्याची शिक्षा झाली, असा हिशेब मांडता येत नाही. पाहायचं ते जिवंत असेपर्यंत ती काय करते. डायना पहिल्यांदा भेटते तेव्हा तिचे मोजे उसवलेले आहेत, ओठांची लाली वेडीवाकडी लागली आहे, आणि समोर टेबलावर शेअर बाजाराच्या अंदाजांचे कागद पसरलेत. गावातल्या प्रत्येक बड्या माणसाची एकतरी भानगड तिला ठाऊक आहे, आणि फुकटात काही सांगायचं नाही हे तिचं तत्त्व. तो निनावी, बुटका, पोट सुटलेला गुप्तहेर तिच्याकडे जातो तो घासाघीस करायला. एरवीच्या लेखकाने अशा बाईला मोहिनी केलं असतं. हॅमेटने तिला व्यापारी केलं. त्या काळच्या स्वस्त मासिकांच्या दुनियेत हे फार मोठं धाडस होतं.

शंकेखोर : घासाघीस मलाही आवडली. पैशाच्या बाबतीत इतकी निर्लज्ज आणि इतकी आनंदी बाई मी फार थोड्या पुस्तकांत पाहिली आहे. पण तिचं मरण कसं लिहिलंय ते पाहा. गुप्तहेर जिन आणि अफूच्या अर्काच्या गुंगीत झोपलेला. सकाळी जाग येते तेव्हा त्या टोच्याची मूठ त्याच्याच हातात, आणि पातं तिच्या छातीत. तिथून पुढे पुस्तकाला चिंता कशाची? हा खून याने केला की नाही, याची! इतकी पानं जिने बोलून, भांडून, पैसे मोजून घेऊन जिवंत ठेवली तिचं मरण एका क्षणात त्याची अडचण होऊन जातं. मला मरणाबद्दल तक्रार नाही. मेल्यावर ती कोणाच्या खात्यात जमा होते, याबद्दल आहे. ब्रिजिडचंही तसंच. खमकी बाई म्हणजे नायकाच्या वाटेतला सर्वांत अवघड घाट. घाट कितीही देखणा असला तरी प्रवास त्याचाच.

रसिक : ब्रिजिडबद्दल मात्र मी हे मान्य करणार नाही. ‘फाल्कन’मध्ये घडतं ते सगळं तिच्यामुळे घडतं. ती खोटं नाव सांगून येते, मग दुसरं, मग तिसरं. स्पेडच्या भागीदाराला, आर्चरला, तीच मारते. पक्ष्याची ती मूर्ती हाँगकाँगहून बोटीने येते ती तिच्याच व्यवस्थेने. गटमन, कैरो, स्पेड हे तिघं पुरुष पुस्तकभर तिने केलेल्या गोष्टींच्या मागे धावताहेत. आणि तुम्ही म्हणाल की तिच्या मनात काय चाललंय ते हॅमेट कधी दाखवत नाही, तर तो स्पेडच्या मनातलंही दाखवत नाही. ही कादंबरी पूर्णपणे बाहेरून लिहिलेली आहे. स्पेडने सिगारेट कशी वळली, कागदाच्या कडा कशा दुमडल्या, ते एकेक हालचालीने सांगितलंय, पण त्या वेळी त्याला काय वाटत होतं याचं एक वाक्य नाही. दोघांनाही सारखीच वागणूक.

शंकेखोर : सारखी कशी? मनात कोणाच्याच शिरत नाही, हे खरं. पण या पुस्तकात असा एक तरी प्रसंग दाखवा की जिथे स्पेड हजर नाही. सापडणार नाही. तो झोपतो तेव्हा आपणही अंधारात असतो. आर्चरचा खून होतो तेव्हा आपण कुठे आहोत? स्पेडच्या खोलीत, फोन वाजायची वाट पाहत! ज्या बाईमुळे सगळं घडतं म्हणता, तिचं प्रत्येक काम पडद्यामागे उरकलं जातं आणि आपल्याला फक्त तिचं बोलणं ऐकू येतं, तेही खोटं. पुढे चँडलरने गोष्ट नायकाच्या तोंडूनच सांगायला घेतली, तेव्हा तर प्रश्नच मिटला. त्याचा गुप्तहेर मार्लो ‘मी’ म्हणतो आणि बायका त्या ‘मी’च्या समोर येऊन बसतात. तो उपमा देतो, त्या उपमा होतात.

रसिक : चँडलरला इतक्या झटपट निकालात काढू नका. ‘द बिग स्लीप’मधला पुस्तकांच्या दुकानाचा प्रसंग आठवतोय? गायगर नावाच्या माणसाचं वर्णन मार्लोला हवं आहे. समोरच्या दुकानात तो शिरतो. तिथे एक लहान चणीची, काळसर बाई गल्ल्यावर कायद्याचं पुस्तक वाचत बसलेली. ती त्या गायगरचं वय, उंची, अंगलट, मिशी, डोळ्याचं व्यंग, सगळं न अडखळता सांगते. अख्ख्या कादंबरीत इतकं नेमकं निरीक्षण कोणी केलेलं नाही, खुद्द मार्लोनेही. तो म्हणतो, तुम्ही पोलिसात शोभाल. ती म्हणते, तशी वेळ न येवो. संपलं. तिला नाव नाही, ती पुन्हा दिसत नाही. पण चँडलरने तिला डोळे दिलेत. १९३९ साली, अडीच पानांत.

शंकेखोर : आणि १९४६ साली सिनेमावाल्यांनी तिचे डोळे काढून घेतले. तिथे बाहेर पाऊस पडतो, मार्लो झालेला बोगार्ट तिला चष्मा काढायला लावतो, केस मोकळे होतात, दुकानाचं दार लागतं आणि बाटली उघडते. जी पाहत होती ती पाहण्याची वस्तू झाली. गंमत म्हणजे त्या पटकथेवर एका बाईचंही नाव आहे. ली ब्रॅकेट. तिची ‘नो गुड फ्रॉम अ कॉर्प्स’ ही कादंबरी दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला आवडली, त्याने हा ब्रॅकेट नावाचा गडी बोलावून घ्या म्हणून सांगितलं, आणि दारात विशीतली... तिशीला टेकलेली म्हणा, बाई उभी राहिली, असा किस्सा आहे. तिला फॉकनरबरोबर कामाला बसवलं. त्या एका प्रसंगाला तिला जबाबदार धरण्याइतकं मला माहीत नाही, सिनेमा काही एका हाताने होत नाही. पण इतकं म्हणता येईल की लिहिणारी बाई असली म्हणजे पानावरची बाई सुटली, असं होत नाही. ब्रॅकेटने स्वतःच्या कादंबरीत पुरुष गुप्तहेरच घेतला होता.

रसिक : तेव्हा बाजार तसा होता. ‘ब्लॅक मास्क’ मासिक मेंकेन आणि नेथन यांनी १९२० साली काढलं ते त्यांच्या वाङ्मयीन मासिकाला पैसा पुरवायला. हार्डबॉइल्ड कथा तिथे वाढली. गुप्तहेर पुरुष, गोष्ट त्याची, हे गृहीतच होतं. तरीही काही जणांनी बाईला खुर्ची दिली. अर्ल स्टॅन्ली गार्डनरने ए. ए. फेअर या टोपणनावाने १९३९ पासून जी मालिका लिहिली तिच्यात एजन्सीची मालकीण बर्था कूल आहे. अंगाने दणदणीत, पैशाला चिकट, तोंडाने फटकळ.

शंकेखोर : आणि रस्त्यावर पळापळ करायला डोनल्ड लॅम. ती हिशेब बघते, तो रहस्य सोडवतो. मला यातली खरी मौज वेगळीच वाटते. पिंकर्टनच्या एजन्सीने शिकागोत १८५६ साली केट वॉर्न नावाच्या विधवेला गुप्तहेर म्हणून नोकरीवर घेतलं. पिंकर्टनला वाटलं ही कारकुनीसाठी आलीय. तिने त्याला पटवलं की पुरुष जिथे पोचू शकत नाहीत तिथून बाई माहिती काढू शकते. १८६१ साली लिंकनला बाल्टिमोरमधून गुपचूप पार नेण्याच्या कामात ती होती. आता हॅमेट कुठला? पिंकर्टनचाच. १९१५ पासून मधलं युद्ध सोडून काही वर्षं त्याने तिथे नोकरी केली. ज्या धंद्यात बायका साठ वर्षांपूर्वीच शिरल्या होत्या, त्या धंद्यातून बाहेर पडून त्याने कादंबरी लिहिली, तेव्हा बाईला कुठे बसवलं? बाहेरच्या खोलीत, टाइपरायटरसमोर. धंदा पुढे होता आणि कथा मागे.

रसिक : त्या बाहेरच्या खोलीबद्दलच मला बोलायचं आहे. ‘फाल्कन’मधली स्पेडची सेक्रेटरी, एफी पेरिन. तुमच्या खमक्या बायकांच्या यादीत ती नाही, कारण तिच्याकडे पिस्तूल नाही आणि ती कोणाला भुलवत नाही. पण काम मोजा. आर्चर मेल्याची बातमी त्याच्या बायकोला सांगायला स्पेड स्वतः जात नाही, एफीला पाठवतो. ब्रिजिडला लपवायची वेळ येते तेव्हा एफीच्या घरी, तिच्या आईकडे. मरायला टेकलेला कप्तान मूर्ती घेऊन ऑफिसात येऊन कोसळतो तेव्हा तिथेही ती. आणि सुरुवातीलाच तिने मत देऊन ठेवलंय की ही मुलगी चांगली आहे, मी तिच्या बाजूने आहे. शेवटच्या पानावर सोमवार सकाळ. एफीने वर्तमानपत्र वाचलंय. स्पेड येतो, तिच्या अंतःप्रेरणेची थट्टा करतो, जवळ घेऊ पाहतो. ती बाजूला होते. म्हणते, तुझं बरोबर आहे हे मला कळतं, पण आत्ता मला हात लावू नकोस. स्पेडचा चेहरा फिकट पडतो. साऱ्या पुस्तकात त्याला गप्प करणारी ही एकच व्यक्ती. गटमनला ते जमलं नाही, पोलिसांना नाही, ब्रिजिडला नाही.

शंकेखोर : हा प्रसंग तुम्ही काढलात ते बरं झालं, कारण माझा सगळा वाद इथून पुढे सुरू होतो. स्पेडने ब्रिजिडला पोलिसांकडे देताना कारणं मोजून दाखवली आहेत, एक ते सात. भागीदाराचा खून झाला की काहीतरी करावं लागतं, धंद्याची अब्रू, वगैरे. तर्क चोख आहे. आणि त्या तर्काने जे सांगायचं राहून गेलं ते एफीच्या अंगातून बाहेर पडतं. म्हणजे या कादंबरीने सद्सद्विवेक ठेवलाय कुठे, तर सेक्रेटरीच्या खुर्चीत. महिन्याच्या पगारावर. नायकाने कठोर राहायचं आणि ते कठोर राहणं अंगावर शहारा येऊन जाणवायचं दुसऱ्याच कोणाला तरी. हेच दृश्य सतरा वर्षांनी स्पिलेनने पुन्हा लिहिलं. ‘आय, द ज्युरी’, १९४७. माइक हॅमरची प्रेयसी शार्लट, मनोविकारतज्ज्ञ, स्वतःच्या बुद्धीवर उभी राहिलेली. खुनी तीच. ती एकेक कपडा उतरवत असते, तो तिच्या गुन्ह्यांचा पाढा वाचत असतो, आणि शेवटी पोटात गोळी. आता तर बाहेरच्या खोलीत शहारायलाही कोणी नाही.

रसिक : स्पिलेनचा बचाव मी करणार नाही. खप प्रचंड झाला, तेवढंच. पण त्याच १९४७ साली डोरथी ह्यूजची ‘इन अ लोनली प्लेस’ आली, हे विसरू नका. तिने काय युक्ती केली? सगळी गोष्ट डिक्स स्टील या माणसाच्या खांद्यावरून सांगितली. युद्धावरून परतलेला वैमानिक, लॉस एंजलिसच्या धुक्यात एकट्या बायकांच्या मागे चालणारा, गळे दाबून मारणारा. पोलिसात असलेल्या मित्राला तो अगदी सहज फसवतो. त्याला ओळखतात त्या दोन बायका. मित्राची बायको सिल्व्हिया आणि शेजारी राहणारी नटी लॉरल. आपण त्याच्याच डोळ्यांनी बघतोय, त्यामुळे त्याला त्या बायका उद्धट, संशयी, डोक्यावर बसलेल्या वाटतात. आणि वाचकाला हळूहळू कळतं की त्या घाबरलेल्या आहेत, तरी विचार करताहेत. तुम्ही म्हणालात ना, कॅमेरा नेहमी पुरुषाबरोबर असतो? ह्यूजने तो तिथेच ठेवला आणि त्याच्यावरच उलटवला. सिल्व्हिया शेवटी लॉरलचा वेष घेऊन त्याला सापळ्यात पकडते.

शंकेखोर : ह्यूजपुढे मी हात जोडते. आणि सिनेमाने तिचंही तेच केलं जे त्या दुकानातल्या बाईचं केलं. १९५० च्या चित्रपटात तो नायक खुनी राहिलाच नाही. बिचारा तापट, विनाकारण संशय घेतलेला. बायकांनी बरोबर ओळखलं होतं, ही गोष्टच पुसली. सिनेमा म्हणून तो उत्तम आहे, ते वेगळं. पण ह्यूजच्या बायका गुप्तहेर नाहीत, हेही लक्षात घ्या. त्यांना जीव वाचवायचा आहे. सबंध प्रकार आपल्या नावावर करायला, म्हणजे ‘मी’ म्हणून, फी घेऊन, परवाना काढून गोष्ट सांगायला बाईला अजून तीस-पस्तीस वर्षं थांबावं लागलं.

रसिक : पाहा, म्हणजे तुम्ही माझ्याच अंगणात आलात. १९७७ साली मार्शा म्युलरची शॅरन मॅकोन, आणि १९८२ साली एकाच वर्षी दोघी: सारा पॅरेत्स्कीची व्ही. आय. वॉर्शॉस्की शिकागोत, स्यू ग्राफ्टनची किन्झी मिलहोन कॅलिफोर्नियात. व्ही. आय. आधी वकील होती, गरीब आरोपींचे खटले सरकारी पगारावर लढवायची. १९३९ साली गल्ल्यावर कायद्याचं पुस्तक वाचणारी ती बिननावाची बाई परीक्षा पास होऊन बाहेर पडली आणि तिने स्वतःचं ऑफिस थाटलं, असं मला दर वेळी वाटतं. आणि ग्राफ्टनने तर थेट ‘फाल्कन’च्या शेवटालाच हात घातला. ‘ए इज फॉर अ‍ॅलिबाय’मध्ये किन्झी ज्या वकिलाच्या प्रेमात पडते तो चार्ली, तोच खुनी. रात्री समुद्रकिनाऱ्यावर तो सुरा घेऊन तिला शोधतोय, ती कचऱ्याच्या पिंपात लपली आहे. झाकण उघडतं आणि ती गोळी घालते. पुरुष गुप्तहेर आणि खुनी प्रेयसी हे समीकरण तिने उलटं करून दाखवलं, म्हणजे त्यात बाईविरुद्ध कट नव्हता. जिच्यावर किंवा ज्याच्यावर जीव जडला तोच खुनी निघाला पाहिजे, ही या प्रकारच्या गोष्टीची कलेची गरज आहे. त्याहून महागडा धक्का नाही.

शंकेखोर : कलेची गरज मान्य. पण समीकरण उलटं केल्यावर उत्तर तेच आलं का? स्पेड सात कारणं देतो. हॅमरला एकही लागत नाही. किन्झी काय करते? पुस्तकाच्या पहिल्याच परिच्छेदात, नाव-वय-धंदा सांगता सांगता ती सांगून टाकते की परवा मी एका माणसाला मारलं आणि ते मनावर ओझं होऊन बसलंय. कारणं आहेत तिच्याकडे, भक्कम आहेत. तो सुरा घेऊन आला होता. तरी ओझं आहे. एफीने जे शेवटच्या पानावर केलं ते ग्राफ्टनने पहिल्या पानावर आणलं आणि गुप्तहेराच्याच तोंडी दिलं. हे मला १९८२ सालचं खरं काम वाटतं. पिस्तूल आणि तिरकस बोलणं बायकांना आधीही मिळालं होतं. इथे पहिल्यांदा गोळी घालणारी आणि शहारणारी एकच.

रसिक : मग भांडण मिटलं की!

शंकेखोर : कसलं मिटतंय! दोघींच्या घरी जाऊन बघा. किन्झी पाच वर्षांची असताना आईवडील मोटार अपघातात गेले, मावशीने वाढवलं, तीही गेली. दोन लग्नं, दोन घटस्फोट, मूल नाही. व्ही. आय.चे आईवडील गेलेले, एक घटस्फोट, मूल नाही. पी. डी. जेम्सची कॉर्डेलिया ग्रे इंग्लंडातली, १९७२ ची, तीही पोरकी. एकीच्या बाबतीत योगायोग म्हणेन, तिघींच्या बाबतीत नाही. बाईला मोकळं रस्त्यावर आणायचं तर लेखिकांना आधी तिचं घर रिकामं करावं लागलं. आजारी सासू नाही, शाळेतून फोन येत नाही, संध्याकाळी कोणी वाट पाहत नाही. मार्लोचेही आईबाप वारलेले आहेत, बायको नाही. ‘द लाँग गुडबाय’मध्ये तो ते एका दमात सांगून मोकळा होतो. त्याला आपण विचारतो का, की बाबा, तू एकटा कसा? त्याचं एकटेपण म्हणजे रुबाब. तिच्या एकटेपणाला पार्श्वभूमी लागते. साचा पुरुषाच्या मापाने बेतलेला होता, आणि बाई त्यात बसावी म्हणून बाईलाच कापलं.

रसिक : जरा जास्त झालं. तुम्ही रिकामं घर पाहिलंत, शेजार पाहिला नाहीत. किन्झीचा घरमालक हेन्री, ऐंशी ओलांडलेला निवृत्त बेकर, तिला पाव भाजून घालतो. व्ही. आय.च्या आयुष्यात डॉक्टर लॉटी आहे, जी तिला जखमांवर टाके घालता घालता रागावते. मार्लोला कोणी रागावत नाही. आईचे लाल व्हेनिशियन काचेचे पेले व्ही. आय. जपून ठेवते. ती एकटी आहे पण तुटलेली नाही. रक्ताची नाती काढून निवडलेली नाती घातली, हा कापण्याचा प्रकार नव्हे. आणि साच्यात फरक पडला तो आणखी एका बाजूने. व्ही. आय.चे गुन्हेगार पाहा: विमा कंपन्या, कामगार संघटनांतले दलाल, जहाजवाले, चर्चचा पैसा. ‘ही भयंकर बाई’ हा गुन्ह्याचा उगमच उरला नाही. भ्रष्टाचाराला पुन्हा हॅमेटच्या पॉयझनव्हिलसारखा पत्ता मिळाला.

शंकेखोर : लॉटीचं मान्य. पण मी तुम्हाला एक घर दाखवते जे रिकामं नाही. बार्बरा नीलीची ‘ब्लँश ऑन द लॅम’, १९९२. ब्लँश व्हाइट, चाळिशीची काळी बाई, नॉर्थ कॅरोलायनात गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक-सफाईचं काम करते. मालकांनी पैसे थकवले म्हणून चेक वटले नाहीत, त्याची तुरुंगवासाची शिक्षा होते, ती कोर्टातून पळते आणि एका श्रीमंत घरात मोलकरीण म्हणून लपते. तिथे खून होतात. तिच्या मेलेल्या बहिणीची दोन मुलं ती सांभाळतेय. ती आईकडे ठेवलीत आणि त्यांची काळजी पुस्तकभर तिच्या पाठीशी आहे. गुन्हा ती सोडवते कशाच्या जोरावर? मोलकरणीकडे कोणी पाहत नाही, तिच्यासमोर वाटेल ते बोलतात, या एका जोरावर. आणि ही काही कादंबरीतली कल्पना नव्हे. आपल्या मुंबईच्या रजनी पंडित यांनी एका खुनाच्या प्रकरणात घरकामाची बाई होऊन काही महिने त्या घरात काढले आणि पुरावा मिळवला, हे त्यांनी मुलाखतींतून सांगितलेलं आहे. केट वॉर्न १८५६ साली हेच तर म्हणत होती. खरी गुप्तहेर बाई सिगारेट ओढत दिव्याखाली उभी राहत नाही. ती भांडी घासते.

रसिक : ब्लँश मला आवडते. तिची जीभ चँडलरच्या कोणत्याही पात्राला भारी आहे. पण तिला मी हार्डबॉइल्ड म्हणणार नाही, आणि यामागे बाई-पुरुष काही नाही. या प्रकाराचा कणा म्हणजे करार. कोणीतरी अनोळखी माणूस पैसे मोजतो, गुप्तहेर काम घेतो, मग वाटेत जास्त पैसे, प्रेम, धमकी, सगळं येतं, आणि प्रश्न एकच उरतो: घेतलेलं काम हा पार पाडणार की विकला जाणार? स्पेडची सात कारणं त्या प्रश्नाची आहेत. किन्झीचं ओझंही त्याच प्रश्नाचं. ब्लँशने असं काम घेतलेलंच नाही. ती स्वतःला वाचवतेय. ती हरली तर तुरुंगात जाईल, पण दिलेला शब्द मोडला असं होणार नाही. हा कणा काढलात तर जे उरेल ते चांगलं पुस्तक असेल, पण मग सगळ्याच चांगल्या पुस्तकांना हार्डबॉइल्ड म्हणावं लागेल.

शंकेखोर : पैसे मोजले जात नाहीत कसे? ब्लँशला पगार आहे. फक्त तो प्रश्न विचारण्याचा नाही, फरशी पुसण्याचा आहे. आणि त्या घरातल्या मतिमंद पोरावर, मम्सफील्डवर, तिचा जीव बसतो, त्याच्याबद्दल तिला जे वाटतं तो शब्द नाही तर काय आहे? लेखी नसलेला, दुसऱ्या कोणीच न मानलेला. एफीने स्पेडच्या ऑफिसात पाळला तोही तसलाच. तुम्ही म्हणता करार हवा. मी विचारते, करार करायचा हक्क कोणाला होता? दारावर नाव लिहायला ज्याच्याकडे दार आहे त्याला.

रसिक : यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण दार नसलेल्याची गोष्ट आणि दार विकायला नकार देणाऱ्याची गोष्ट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला अजूनही वाटतं. पहिली मोठी असेल. दुसरी मला हॅमेटने शिकवली, आणि पॅरेत्स्की-ग्राफ्टननी ती बाईच्या हातात देऊनही मोडली नाही. ब्लँशला मी कपाटात ठेवीन, पण हॅमेटच्या फळीवर नाही.

शंकेखोर : फळीचं तुमचं तुम्ही बघा. आपण दोघांनीही ही पुस्तकं सनावळीप्रमाणे वाचली, म्हणून हॅमेट म्हणजे मूळ आणि बाकी सगळे त्याला फुटलेले फाटे असं आपल्याला वाटतं. ज्यांनी यातलं अजून काहीच वाचलेलं नाही त्यांना माझी विनंती आहे, त्यांनी उलटं करावं. आधी ‘ब्लँश ऑन द लॅम’ वाचावी, मग ‘ए इज फॉर अ‍ॅलिबाय’, आणि ‘द मॉल्टीज फाल्कन’ सर्वांत शेवटी. वाचताना एफी पेरिन कुठल्या पानावर कोणतं काम करते ते समासात लिहून ठेवावं. मग यांच्या कराराबद्दल त्यांचं काय मत होतं, ते आम्हाला जरूर कळवावं.